सुधारलेली तब्येत

मी बरा झालो असं मी स्वतःच ठरवलं आणि गोळ्या बंद केल्या.

डॉक्टरला विचारलं नाही. बायकोला सांगितलं नाही. बंद केल्या तर काय होऊ शकतं हे मला ठाऊक नव्हतं, असंही नाही. नागपूरच्या डॉक्टरने कागदावर मोठ्या आतड्याचं चित्र काढून, त्यावर पेनने आडव्या दोन रेघा मारून, "आवरलं नाही तर इथपासून इथपर्यंत काढावं लागेल," असं स्वच्छ दाखवलं होतं. म्हणजे पणाला काय लागलंय ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बंद केल्या. मूर्ख व्हायला माणसाला अज्ञान लागतंच असं नाही.

मी लाल गाडीचा कंडक्टर. माझी लाइन गोंदिया ते अर्जुनी मोरगाव, मध्ये गोरेगाव, कोहमारा, नवेगाव बांध. कोहमारा सुटला की जंगल लागतं. खिडकीत बसून पळस फुललेला बघणाऱ्यांना तो रस्ता फार सुंदर वाटतो. मी त्या रस्त्याकडे कित्येक महिने फक्त आडोसा म्हणून पाहिलं. कोणत्या मोरीखाली उतरता येतं, कोणत्या शाळेचं संडास उघडं असतं, कोणत्या शाळेच्या संडासाची चावी हेडमास्तर खिशात घालून हिंडतो, कोणत्या पेट्रोल पंपावरचा माणूस "नळाले पानी नाही" म्हणून खोटं बोलतो, हे मला तिकिटाच्या टप्प्यांपेक्षा चांगलं पाठ होतं.

सुरुवात रक्ताने झाली. शौचाला रक्त पडलं आणि मी दुसरा विचारही न करता मूळव्याध ठरवून टाकली. आमच्या खात्यात मूळव्याध हा आजार धरत नाहीत. इंजिनच्या गरमीत बसणाऱ्या ड्रायव्हरला ती असतेच, आणि दिवसभर हेलकावे खाणाऱ्या कंडक्टरला झाली तर तो आता जुना झाला असं समजतात. तिच्याबद्दल चारचौघांत मोठ्याने बोलता येतं. मी गाडीत तिकीट फाडता फाडता एकाला सांगितलं, तर पुढच्या थांब्यापर्यंत अर्धी गाडी मला उपाय सांगत होती. एकाने सुरण सांगितला, एकाने ताक, आणि एका म्हातारबाने कंबरेला बांधायची कसलीशी मुळी तिथल्या तिथे धोतराच्या सोग्यातून काढून दिली. त्याच्या स्वतःच्या कंबरेला ती का नव्हती हे मी विचारलं नाही.

मग गोंदियातला बंगाली डॉक्टर गाठला. तो बंगाली होता की नाही देव जाणे, डॉक्टर होता की नाही हे देवालाही सांगता आलं नसतं. बवासीर-भगंदरच्या त्याच्या पाट्या शहरातल्या निम्म्या भिंतींवर होत्या. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"खून गिरता है?"

"गिरता है."

"बस. बवासीर. जड़ से जाएगा, भाई साहब, जड़ से."

त्याने सुई टोचली, पुडी दिली. मुळापासून काही गेलं नाही, मीच त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिलो. खरं सांगायचं तर मी त्याला सगळं सांगितलंच नव्हतं. पोटात पीळ पडतो, दिवसातून किती वेळा पळावं लागतं याला सुमार नाही, रक्तासोबत शेंबडासारखी आव पडते, जाऊन आलो तरी पुन्हा लागल्यासारखं वाटतं, वजन उतरत चाललंय, हे सगळं मी गिळून टाकलं. कारण या गोष्टी मूळव्याधीला शोभत नव्हत्या. एवढा सन्मानाचा आजार मिळालेला, तो लक्षणं सांगून कशाला घालवायचा?

माझा ड्रायव्हर वयाने मोठा, बोलायला कमी आणि बोलला की लागेल असा. त्याला मात्र सगळं कळत होतं, कारण गाडी थांबवावी लागत होती त्याला. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आम्ही दोघांनी तिसरी काढली: तीन घंट्या म्हणजे कंडक्टरचं पोट. प्रवाशांना वाटायचं, हा काही नवीन सरकारी नियम असेल. गाडी झाडीत थांबायची, मी पाण्याची बाटली घेऊन उतरायचो आणि ड्रायव्हर बोनेटवर हात ठेवून सांगायचा, "इंजिन गरम झालं. बसा." असं आमचं इंजिन सगळ्या डेपोत सगळ्यात गरम ठरलं.

"तू नागपूरले दाखव गा," तो मला म्हणायचा.

"मूळव्याध आहे, भाऊ."

"मले बी मूरव्याध हाय. मी का दर दोन कोसावर झाडीत धावून राहिलो?"

शेवटी एक दिवस डेपोतच चक्कर येऊन पडलो. गोंदियात रक्त तपासलं तर अंगात रक्तच उरलेलं नव्हतं. बायकोने पुढचं काही माझ्यावर सोडलं नाही. आगगाडीत घालून नागपूरला नेलं, पोटाचा मोठा डॉक्टर शोधला आणि मी "मूळव्याध" म्हणायला तोंड उघडलं तेव्हा मला हाताने थांबवून तिने सगळं घडाघडा सांगितलं. मी तिच्यापासून लपवलेल्या गोष्टीसुद्धा. एका संडासाच्या घरात काय लपतं?

मग दुर्बीण. दुर्बिणीपेक्षा तिच्या आधीचा दिवस वाईट. आतडं धुऊन निघावं म्हणून एक खारट-गुळमट पाणी भांडंभर प्यायला देतात. ज्याला आधीच धावावं लागतं त्याला आणखी धावायला लावायचं. दुर्बिणीनंतर डॉक्टरने पडद्यावरचे फोटो दाखवले. निरोगी आतडं आतून गुलाबी, चकचकीत असतं म्हणे. माझं खरचटलेल्या गुडघ्यासारखं दिसत होतं.

"अल्सरेटिव्ह कोलायटिस," तो म्हणाला. मी त्याला दोनदा म्हणायला लावलं, कारण हे डेपोत जाऊन सांगायचं होतं.

त्याने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. शरीरात बाहेरच्या रोगजंतूंना हाकलणारे राखणदार असतात. धान राखायला बसवलेल्या राखणदारानेच त्या धानाच्या बांधीत गुरं सोडावीत तसं काहीतरी माझ्या आत झालं होतं. ते मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडले होते. म्हणून सूज, म्हणून जखमा, म्हणून रक्त. याचा एक भाऊबंद आहे, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही बसू शकतो. माझा आजार तरी एका आतड्यापुरता होता.

"तिखट खाऊन झालं का?" बायकोने विचारलं. हा तिचा माझ्यावरचा जुना आरोप.

"नाही. तिखटाने होत नाही. कोणाकडून लागतही नाही. कशाने होतो ते पक्कं कोणालाच सांगता येत नाही. भडकलेला असेल तेव्हा मऊ भात, वरण, जे सोसेल ते द्या. शांत असेल तेव्हा घरचं सगळं खाऊ द्या."

"बरा होईल का?"

"मुळापासून नाही. ताब्यात राहील. कधी महिनोन्‌महिने शांत राहील, कधी उसळेल. शांत असतो तेव्हाही गोळ्या घ्यायच्या, म्हणजे तो शांत राहतो. हे लोकांना पटत नाही."

आणि मग त्याने ते चित्र काढलं, त्या दोन रेघा मारल्या. दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. एक स्टिरॉइडची, आग विझवायला. ती हळूहळू, पायरी पायरीने कमी करायची, एकदम बंद करायची नाही. दुसरी रोजची, लांब पल्ल्याची. "एकदम बंद करायची नाही" हे वाक्य त्याने माझ्याकडे पाहून म्हटलं, मग बायकोकडे पाहून म्हटलं, मग चिठ्ठीवर लिहून खाली रेघ ओढली. त्याला माझा चेहरा वाचता येत असावा.

गोळ्यांनी काही आठवड्यांत रक्त थांबवलं. मी लाइनवर परतलो. आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात सन्मानाचा काळ सुरू झाला.

स्टिरॉइडने तोंड सुजतं. गाल भरतात, हनुवटीखाली दुसरी हनुवटी येते, चेहरा पुरीसारखा टम्म होतो. भूक राक्षसासारखी लागते. डॉक्टरने हे आधीच सांगितलं होतं, हे औषधाचं आहे, औषध कमी झालं की उतरेल. पण आमच्याकडे माणसाची तब्येत गालांवरून मोजतात. मी आतून रक्त गाळत होतो, काठीसारखा वाळलो होतो, तेव्हा मला कोणी काही विचारलं नव्हतं. आता गाल सुजले तर सगळी लाइन माझं कौतुक करू लागली.

"काऊन गा कंडक्टर, आता त जावयासारखा दिसून राहिलास."

"क्या बात है, सेठ लग रहे हो एकदम."

डेपोतला माझा साहेबसुद्धा म्हणाला की आजारपण मानवलं तुला. मी आरशात पाहायचो आणि मलाही पटायचं. हा चेहरा औषधाचा आहे असं मी कोणालाच सांगितलं नाही. कुणी फुकट कौतुक करत असेल तर हात कशाला आखडायचा?

आता मावशी. माझ्या आईची धाकटी बहीण, आमच्या अर्जुनीकडच्या प्रतापगडाजवळच्या गावात राहते. आई गेल्यापासून माझ्यावरचे सगळे हक्क तिने आपल्याकडे घेतले आहेत. मी नागपूरला होतो तेव्हा तिने गडावरच्या महादेवाला नवस बोलला आणि तिथल्याच दर्ग्यावरही बोलली.

"दोघायले बी बोलून ठेवली," ती म्हणाली. "एकानं नाही आयकलं त दुसरा आयकंल."

रक्त थांबलं. गोळ्यांनी थांबवलं, पण गोळ्यांपुढे कोणी नारळ फोडत नाही. महाशिवरात्रीच्या यात्रेत मला नवस फेडायला नेलं. मी गड असा चढलो की बरोबरच्या माणसांना धाप लागली आणि मला नाही. तीही त्या गोळ्यांचीच रग होती, हे आता कळतं. महादेवापुढे नारळ फुटला, दर्ग्यावर चादर चढली, मला सगळं खरोखर हलकं वाटलं. खाली उतरून आम्ही सावलीत बसलो. बायको पाण्यासाठी गेली होती. मी डब्यातून दुपारची गोळी काढली.

मावशी पाहत होती. "हे का होय?"

"गोळी."

"नवस फेडलास ना आता?"

"फेडला."

"मंग गोळी कायले खातेस? म्हंजे देवावर भरवसा नाही तुया. तो म्हनंल, याले गोळीच पायजे होती त मले कायले तरास देल्ला?"

आजूबाजूला नात्यातली चारपाच माणसं होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मावशीच्या घराण्याची म्हणे रीतच तशी. नवस फेडून आलं की उरलेला काढा अंगणात ओतून द्यायचा. फेडल्यावरही औषध चालू ठेवणं म्हणजे देवाला पैसे देऊन पावती मागण्यासारखं. एकजण म्हणाला, "चेहरा पाहा ना त्याचा. याले का धाड भरली?" आणि सगळ्यांनी माझ्या गालांकडे पाहिलं.

मीही पाहिलं असतं, आरसा असता तर.

मी गोळी डब्यात परत ठेवली. त्या दिवसापासून एकही घेतली नाही. ना पायरीपायरीची, ना रोजची.

बायकोला सांगायची हिंमत नव्हती. ती रोज सकाळी माझ्या डब्याच्या झाकणात गोळ्या मोजून द्यायची. मी गोरेगाव सोडलं की खिडकीतून त्या बाहेर टाकायचो. तिथे एका घराच्या कोंबड्या रस्त्यावर यायच्या. त्या भागातल्या कोंबड्यांच्या आतड्यांना तरी कसली सूज आली नसावी. आणि संपल्या की बायको गोंदियाच्या बाजारात जाऊन नव्या आणायची, मी नव्या टाकायचो. आमचा दोघांचा संसार असा सुरळीत चालला होता.

सुरुवातीला काही झालं नाही. मग अंग दुखू लागलं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी म्हटलं, ऊन. मग पोट. मी म्हटलं, यात्रेतलं जेवण. यात्रा होऊन पळसाची फुलं गळून गेली होती, तरी पोटात यात्रेतलं जेवणच होतं. मग रक्त. रक्ताला काय म्हणायचं ते मला सुचेना, म्हणून मी काही म्हटलं नाही.

त्या दिवशी नवेगाव बांधचा बाजार होता. गाडी खच्चून भरलेली, उभ्यांच्या बगलेत उभे. कोहमारा सोडून जंगलात शिरलो आणि पोटात अशी कळ आली की मी हातातली तिकिटं सोडून तीन घंट्या दिल्या. ड्रायव्हरने गाडी थांबवली. मी माणसांवरून, कोंबड्यांच्या डालीवरून उतरलो आणि झाडीत शिरलो.

गाडीत एक पांढऱ्या टोपीचा गृहस्थ होता, मुलाची सोयरिक जुळवायला निघालेला. त्याला उशीर होत होता. कंडक्टर येईना. त्याने आपल्या हाताने दोरी ओढून दोन घंट्या दिल्या. दोन घंट्या म्हणजे चल. ड्रायव्हरला आरशात माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसत नव्हतं. गाडी गेली.

मी झाडीतून ती जाताना पाहिली. ओरडायला गेलो तर आवाज निघाला नाही, उठायला गेलो तर पाय निघाले नाहीत. खाकी पँट रक्ताने आणि नको त्याने भरलेली. गळ्यात तिकिटांचं मशीन. चारीकडे मोहाची फुलं पडलेली, त्या वासाने मळमळत होतं.

फुलं वेचणाऱ्या दोघी बाया आल्या, डोक्यावर टोपल्या. एकमेकींत गोंडीत काही बोलल्या. थोरली माझ्याकडे वळली.

"साहेब, गाडी त गेली."

"माहीत आहे."

"उतरवून देल्ले का तुमाले? तिकीट नाही काढलं का?"

मी गणवेषात होतो. मला हसू आलं आणि हसताना आणखी रक्त गेलं. मग तिने माझी पँट पाहिली. डोक्यावरचं फडकं सोडून तिने दोन झाडांच्या मध्ये रस्त्याच्या बाजूने बांधलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी दिसू नये. धाकटीने पाण्याचा गडवा आणून माझ्या हाताशी ठेवला आणि दोघी पाठ करून थोड्या दूर बसल्या, फुलं वेचत, जणू मी तिथे नव्हतोच. मला त्या आजारात एवढी अदब कोणी दाखवली नव्हती. मी त्यांना धन्यवादही दिले नाहीत.

पुढच्या थांब्यावर चढलेल्याने तिकीट मागितलं तेव्हा देणारा नाही हे ड्रायव्हरच्या लक्षात आलं. त्याने भरलेली गाडी वळवून परत आणली. पोतं आणून पुढच्या सीटवर पसरलं आणि मला उचलून त्यावर ठेवलं. पांढऱ्या टोपीचा गृहस्थ मात्र खिडकीतून बोलत होता, "आमचा मुहूर्त गेला ना याच्या पायी."

ड्रायव्हर स्टिअरिंगवर बसत म्हणाला, "चूप बसा. तुमीच देल्ली ना घंटी? तुमाले पोट्टीवाल्याच्या घरी नेऊन सोडतो, अना तिथंच सांगतो का केलं ते."

पुढे सगळं अँब्युलन्स, गोंदिया, नागपूर. तोच डॉक्टर. त्याने पोट दाबलं, फोटो काढायला लावले, मग बायकोच्या देखत विचारलं, "गोळ्या कधी बंद केल्या?"

"बंद झाल्या," मी म्हटलं.

"गोळ्या आपोआप बंद होत नाहीत."

बायको माझ्याकडे बघत होती. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

"अजी," ती म्हणाली, "मी हरेक वेळी बाजारात जाऊन आनत होती ना." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. पाणी पायजे का. कूस बदलता का. डॉक्टर आले.

शिरेतून औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाला, या औषधांना आतडं दाद देतं का ते पाहू, नाही दिली तर थांबता येणार नाही, फुगून फाटलं तर जिवावर बेतेल. म्हणजे तो कागद, त्या दोन रेघा. मी रोज सकाळी डॉक्टरच्या चेहऱ्याकडे असा बघायचो जसे प्रवासी माझ्याकडे बघतात, सुट्टे नसताना. पोट रोज ताशासारखं ताठत गेलं. आतड्याने दाद दिली नाही. मला तरी त्याचं ऐकता आलं नव्हतं, त्याने माझं का ऐकावं?

मग सर्जन आला. सही करायच्या आधी बायकोने त्याला एकच विचारलं, "काढल्यावर आजार जाईल का?"

"या आजाराचं घर तेच आतडं," तो म्हणाला. "तेच गेलं की गेला."

म्हणजे घरातले उंदीर घालवायला घर जाळायचं. तिने सही केली. मी तिच्याकडे पाहून "माफ कर" म्हणालो, पण मला ऑपरेशनला नेणाऱ्या स्ट्रेचरचं चाक तेवढ्यात करकरलं, तिला ऐकू गेलं की नाही मी अजून विचारलेलं नाही.

जागा झालो तेव्हा पोटावर शौचाची पिशवी होती. ती कशी रिकामी करायची, भोवतालची कातडी कशी जपायची, हे एका नर्सने शिकवलं. मी शिकायचं टाळत होतो, बायको आधी शिकली. पुढे आतल्या आत जोड देता येतो का ते पाहू असं सर्जन म्हणतो. पाहू. रक्त गेलं, कळा गेल्या, धावणं गेलं. लाइनही गेली. मला आता डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवतात. लोक विचारतात, अर्जुनीची गाडी केव्हा लागते, आणि मी सांगतो.

स्टिरॉइड सुटलं तसे गाल उतरले. आता खरोखर बरा आहे, अंगात रक्त आहे, वजन हळूहळू चढतंय. आणि खिडकीशी येणारा प्रत्येक ओळखीचा माणूस मान हलवतो. "लयच उतरलास गा. मागं किती मस्त तब्येत होती तुयी." एकालाही मी समजावत बसत नाही. पूर्वी समजावलं नाही ते कौतुकाच्या लोभाने, आता कंटाळ्याने.

घरी आल्यावर भेटायला माणसं आली, तशी मावशीही आली. हातातल्या थैलीत अर्जुनीच्या बाजारातली लाखोळीची डाळ, जी मला त्या दिवसांत चालणार नव्हती. माझ्याजवळ बसली, डोळ्यांना पदर लावला, माझ्या वाळलेल्या हातावरून हात फिरवला. मग माझ्या बायकोला पाणी मागितलं आणि कमरेच्या बटव्यातून एक गोळी काढून तोंडात टाकली.

"ही कशाची?" मी विचारलं.

"बीपीची. रोज एक खावा लागते."

"नवस नाही बोललीस?"

"बोलली ना. फेडला बी."

"मग गोळी खातेस अजून?"

"खाते नाही त का? मरू का मंग?"

बायको दारात उभी होती, हातात रिकामा ग्लास. मी उठून बसलो. टाके ओढले गेले. "मावशी, मग मला कशाला सांगितलं होतं गोळ्या सोड म्हणून? गडाखाली, सगळ्यांपुढे?"

मावशीने गोळी नीट घशाखाली उतरू दिली. तोंड पुसलं. मला वाटलं आता रडेल, आता म्हणेल की चुकलं माझं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या बहिणीच्या पोराची आठवण झाली, दहावी नापास झाला तेव्हा सगळे त्याच्याकडे असेच पाहत होते.

"मी त सर्वायलेच सांगते, बाबू," ती म्हणाली. "आतापावतर कोनी आयकलं नव्हतं. एवढ्या खानदानात आयकनारा येडा तूच एकटा निंगालास."